चौथा कोट

ट्रॉमा सेंटरच्या तपासणीला चार सर्जन दाखवायचे होते आणि आमच्याकडे होते तीन. मोठ्या साहेबांनी चौथे पुलापलीकडच्या हॉस्पिटलातून एका दिवसापुरते उसने आणले. कोट त्यांना ढगळ झाला, म्हणून मीच बाह्या दुमडून दिल्या.

"सर, विचारलंच तर दोन वर्षं इथेच आहे म्हणा," मी बजावलं.

"सिस्टर, दोन वर्षं तिकडे मी एकटाच आहे हो. चारजण एकत्र बघून बरं वाटलं," ते हसले.

तपासणीवाल्यांनी डोकी मोजली, फॉर्मवर खूण केली आणि चहाला बसले. तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला. चारही सर्जन धावले, पण पोटात रक्तस्राव होऊन तो वाटेतच गेला होता.

"ताई, इतका उशीर का केलात?" चौथे सर्जन त्याच्या बायकोवर जवळजवळ ओरडलेच.



"उशीर कुठे केला, डॉक्टर? दहा मिनिटांत पुलापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं होतं यांना. तिथे म्हणाले, आमचे सर्जन आज नाहीत, ट्रॉमा सेंटरला न्या, तिकडे चार-चार आहेत."