सदतिसावं दार

कोर्बिनियान सकाळपासून स्कीच्या शर्यतीतल्या सदतिसाव्या दारापाशी, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांपाशी, उभा होता. पाय बधिर, नाक लाल, गळ्यात दोरीने अडकवलेलं पंचाचं कार्ड. डोंगराच्या घडीतलं हे वळण म्हणजे वाऱ्याचं माहेरघर. खालच्या प्रेक्षकांना ते दिसत नाही, आणि मध्ये झाडं असल्यामुळे कॅमेऱ्यालाही दिसत नाही. इथे उभं राहायला सहसा कुणी राजी नसतं. यंदा म्हाताऱ्याने ते आपण होऊन मागून घेतलं होतं.

"सत्तरी उलटली तरी तुझी खुमखुमी जात नाही," वरच्या दारांचा पंच लुईस थर्मासमधला चहा पुढे करत म्हणाला. "खाली उन्हात बसायचं सोडून इथे कशाला कुडकुडतोस?"

"खाली गर्दी फार."

"तुला जरा गर्दी चांगलीच की. घरात तू आणि ती गाय."

गायही शरदात विकली होती. ते कोर्बिनियानने त्याला सांगितलं नाही.

पंचाचं काम तसं सोपं. प्रत्येक दाराशी खेळाडूचे दोन्ही पाय वळणाच्या खांबाच्या एकाच बाजूने गेले पाहिजेत. खांब दोन पायांच्या मधून गेला, की दार चुकलं. कार्डावर नंबर लिहायचा, चित्र काढायचं. त्या खेळाडूची शर्यत तिथेच संपते. एकतीस वर्षं कोर्बिनियान हे करत आला होता. एकदा सख्ख्या पुतण्याला बाद केलं, तेव्हापासून भाऊ बोलेनासा झाला. पण याच्या कार्डावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

आज सत्तावीस नंबरची पोरगी नॉर्वेकडून उतरत होती. रागना तिचं नाव. तिची आई वालबुर्गा ही कोर्बिनियानची एकुलती एक लेक. बावीस वर्षांपूर्वी ती नॉर्वेच्या एका प्रशिक्षकाचा हात धरून निघाली, तेव्हा याने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस." लेकही बापाचीच. तिने दाखवलं नाही. आईच्या मातीलाही आली नाही.

काल जायंट स्लॅलम ही लांब वळणांची शर्यत संपल्यावर म्हातारा धुतलेला सदरा घालून, फडक्यात घरी धुरावलेलं डुकराचं मांस बांधून, नॉर्वेच्या संघाच्या हॉटेलाबाहेर तीन तास उभा राहिला. "खेळाडूंना भेटता येणार नाही," एवढंच उत्तर मिळालं. रागना कानात गाणी घालून दहा हातांवरून निघून गेली. आज स्लॅलमची, म्हणजे या जवळजवळच्या दारांच्या शर्यतीची बक्षिसं झाली, की तिच्या संघाची बस सुटणार होती. नातीचं तोंड एकदा जवळून बघावं, तिच्या तोंडचे चार शब्द ऐकावेत, बाकी त्याला काही नको होतं. आता नाही तर कधीच नाही, ही धास्ती कालपासून त्याचं काळीज पोखरत होती.

दुसऱ्या फेरीत मागचे आधी उतरतात. पहिल्या फेरीत रागना तिसरी होती, म्हणजे आता शेवटून तिसरी येणार.

वरून बर्फावर स्की घासल्याचा आवाज आला. सत्तावीस नंबर वळणावर आला, खांब सपकन आडवा झाला, बर्फाचा फवारा म्हाताऱ्याच्या तोंडावर उडाला आणि पोरगी घडीआड गेली. हेल्मेट आणि चष्म्याआड तोंड कसलं दिसतंय? थोड्या वेळाने खालून गलका उठला. शेवटच्या दोघी उतरल्यावरही ती तिसरीच राहिली.

कोर्बिनियानने दातांनी हातमोजा ओढून काढला. कार्डावर सत्तावीस लिहिलं, खांबाचं चित्र काढलं, त्याच्या दोन बाजूंना दोन रेघा ओढल्या आणि खाली सही केली.

लुईसने ते कार्ड पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे, ही तुझ्या वालबुर्गाची ना? पोरीचं पदक जाईल. खोड ते. कोण बघतंय?"

"मी कार्डावर खाडाखोड करत नाही."

"माणूस नाहीस, धोंडा आहेस," लुईस म्हणाला आणि निघून गेला.

बाद झालेल्यांची नावं फळ्यावर लागली, की पंधरा मिनिटांत तक्रार करता येते. तक्रार आली, की मुख्य पंच, खेळाडू आणि कार्ड लिहिणारा पंच एका टेबलाशी बसतात. नॉर्वेची तक्रार चौथ्या मिनिटाला आली.

रागना आली ती डोळे पुसतच. हेल्मेट काखेत. कपाळावर केसांचा भोवरा, अगदी तिच्या आजीसारखा.

"माझे दोन्ही पाय बरोबर गेले, आजोबा. नीट आठवून बघा ना." बोली याच खोऱ्यातली होती, आईकडून आलेली.

"तुमचं म्हणणं सांगा, कोर्बिनियान," मुख्य पंच योहानाबाई म्हणाल्या.

"आधी तिला सांगू दे. बाळ, इथे कागदावर काढून दाखव."

तिने काढलं. त्याने पुन्हा काढायला लावलं. कुठल्या पायावर भार होता ते विचारलं. मग म्हणाला, "इतकं आधीपासून वळायला कुणी शिकवलं?"

"आईनं."

"ती अजून उतरते?"

"रोज. गुडघा सुजतो, तरी ऐकत नाही. हट्टी आहे."

"बापावर गेली असेल."

"तिला बाप नाही," रागना म्हणाली. "विचारलं, की एवढंच सांगते."

म्हाताऱ्याने तिचा कागद पुन्हा हातात घेतला.

"कोर्बिनियान, बाहेर बक्षिसं खोळंबलीत," योहानाबाई म्हणाल्या.

त्याने कार्ड टेबलावर सरकवलं. "चूक माझी. डोळे गेलेत माझे. पोरगी बरोबर गेली."

रागनाने श्वास सोडला. रागावायचं सोडून तिने त्याचा खरबरीत हात दोन्ही हातांत घेतला. "होतं असं, आजोबा. थंडी काय कमी होती तिथे?" आणि ती पळत बक्षिसाला गेली.

"एकतीस वर्षं एक चूक नाही, आणि आता ही," योहानाबाई म्हणाल्या. "पंचाचं जॅकेट ठेवून जा. पुढच्या वर्षी येऊ नका."

त्याने जॅकेट काढलं, घडी घातली, टेबलावर ठेवलं आणि सदऱ्यावरच बर्फात बाहेर पडला. बाहेर तिचं नाव पुकारत होते. इथून ती ठिपक्याएवढी दिसत होती, पण तिच्या गळ्यातल्या पदकाची फीत निळी आहे, हे त्याला कळलं. वळणावर तर ती अवघ्या चार हातांवरून गेली होती. तिचे दोन्ही पाय खांबाच्या एकाच बाजूने गेलेले त्याने लख्ख पाहिले होते, आणि मगच हातमोजा काढून पेन्सिल धरली होती.