ऊब

ओव्हनमध्ये टिक टिक टिक झालं आणि मायलेकी दचकल्या. सुरुचीचा नवरा सलील जाऊन दोन महिने झाले होते. आभाच्या वाढदिवसाला कोलकात्याच्या नव्या खजूरगुळाचा केक दरवर्षी तोच करायचा. वर्षभर घरात गोड करायचं नाही, असं सासूबाईंनी बजावूनही यंदा सुरुचीने तो करून ओव्हनमध्ये ठेवला होता. हात नुसते चालले होते.

“आई, ओव्हन बिघडला?”

“नाही गं. आतली ऊब कमी झाली की त्याच्या सेन्सरला कळतं. मग तो टिक टिक करत आपोआप गॅस पेटवतो.”

“थोडीशीच कमी झाली तरी कळतं?”

“थोडीशी झाली तरी.”

आभा काचेतून आत बघत राहिली.

“त्या रात्री बाबा गार पडले, तेव्हा तू शेजारीच झोपली होतीस ना? तुला का नाही कळलं?”