धनलक्ष्मीच्या हातची भाकर

सुभद्राबाईने पानातली कडक भाकर उचलली आणि ओरडलीच, "ही माज्या धनूच्या हातची हाय!"

मुडबीच्या शाळेत पुरात घरं गेलेल्यांची पंगत बसली होती. वाढणाऱ्या नेत्रावतीचा हात थांबला. सुभद्राबाईची लेक धनलक्ष्मी पुरात वाहून गेली होती. नदीकाठी तिचं लुगडं तेवढं सापडलं होतं.

"बग की गं. तिचं बोट वाकडं. थापताना कडंला असाच खड्डा पडतोय."

बायांनी आपापल्या भाकऱ्या गुपचूप बाजूला सारल्या. मेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार?

जावई नागराज मात्र ताडकन उठला. बिचाऱ्याने बायकोसाठी रोज नदीकाठ पालथा घातला होता. गाळ उपसून नखं काळी पडली होती. सगळ्या शिबिराला त्याची कीव यायची.

"अक्का, कुठनं आल्यात ह्या भाकऱ्या?"

"चिटगुप्प्याच्या मठातनं," नेत्रावती म्हणाली. "मीच आणायला जाते. लई गावच्या बाया तिथं थापायल्यात."

"चला मामी. आसली तर घेऊनच येऊ."

सुभद्राबाईचा आवाज एकदम खाली आला. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. म्हातारीला भास झाला आसल."

"तसलं बोट आनी कुणाचं आसंल? पडून मोडलेलं. लई धांदरट, सारखी पडायची."

तो ऐकेना. तिघंही टेम्पोत बसून मठात गेले.

स्वयंपाकघरात नुसत्या बायाच. नागराज नेत्रावतीपाशी दारातच थांबला. आत धुरात काही दिसत नव्हतं. सुभद्राबाई एकेका चुलीपाशी वाकून बघत पार टोकापर्यंत गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली.

"न्हाई. दुसरीच हाय कुणी. त्यांच्या परातीलाच पोचा हाय, त्याचा खड्डा पडायलाय."

नागराज मटकन खाली बसला. ढसाढसा रडला. आशा धरायला लावून म्हातारीने पोराचे हाल केले, असं नेत्रावतीला वाटून गेलं.

मग त्याने पिठाची बाहुली करून तिला नदीकाठी अग्नी दिला. दहाव्याला डोकं भादरलं. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. धनूची काही इच्छा राहिली नव्हती, लोक म्हणाले. सुभद्राबाई मात्र दगडासारखी बसून होती. डोळ्यांत टिपूस नाही.

नागराज आपल्या गावी निघून गेला, तेव्हा नेत्रावती तिच्याजवळ येऊन बसली. "रडून घे, अव्वा. मन हलकं हुईल."

सुभद्राबाईने रस्त्याकडे नीट बघून घेतलं.

"उद्या मठात जाशील, तवा टोकाच्या चुलीवरल्या पोरीला सांग. म्हणावं, नवऱ्यानं तुजे दिवस घातलेत. आता बिनघोर ऱ्हा."