उंबऱ्याखालची रुई

गेणबा देवऋषीनं उंबऱ्याखाली हातभर खड्डा केला, रुईचं मूळ आत सरकवलं आणि वर माती लोटली. आदल्या संध्याकाळी त्यानं त्या झाडाला हळदकुंकू वाहून, तांदूळ ठेवून रीतसर आवतण दिलं होतं. मग पहाटे, झाडावर आपली सावली पडायच्या आत, मूळ उपटून आणलं होतं.

"जिनं करनी केली तिला ही मुळी वढून आननार," तो हात झाडत म्हणाला. "अंगाची आग आग हुईल तिच्या. दिस बुडायच्या आत ह्या उंबऱ्याशी यिऊन ती चुलीतला इस्तू मागंल. जी पयली मागंल, तीच."

रंगूबाईचा नातू आत घोंगडीवर पडला होता. अंगावर भाकरी भाजून निघावी असा ताप. सून रडून रडून गप्प झाली होती. रंगूबाईचा लेक झुंबर पोराला इंदापूरच्या दवाखान्यात नेऊ म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण! अख्ख्या वरकुट्यात रंगूबाईच्या शब्दाबाहेर जायची कुणाची प्राज्ञा नव्हती, तिथं हा तर पोटचा.

"सणसरला सारजाला तरी कळवू का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"खुळा का काय तू? तिचं लेकरू अजून मान धरंना. हितं करनी फिरतीय आन तू तान्हं बोलावतुस?"

सारजा ही धाकटी लेक, आणि रंगूबाईचा जीव तिच्यावर जरा जास्तच. विषय तिथंच मिटला.

झुंबर आणि त्याचे दोन चुलतभाऊ बाभळीचे सोटे घेऊन दाराआड बसले. मागल्या साली शेजारच्या गावात अशीच एक बाई धरली होती. तिला शिवेपर्यंत झोडपत नेलं, आणि पुढं ती ओढ्यात सापडली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"कुनीबी असू दे," रंगूबाईनं लेकाला बजावलं. "पोराच्या डोक्यावर हात ठिव आन सांग, सोडनार न्हाईस."

झुंबरनं हात ठेवला. "न्हाय सोडनार."

ऊन कलल्यावर रंगूबाईला एकदम आठवलं. कौसल्या!

आळीच्या टोकाची ही विधवा रोज तिन्हीसांजेला खापरी घेऊन विस्तव न्यायला यायची. घरात काड्यापेटी असली तरी चूल शेजारच्या विस्तवावर पेटवायची, हीच सगळ्यांची रीत. रंगूबाईची दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली होती. ती कसली करणी करते! पण आज ती यायची ती सवयीनं, मुळीनं ओढली म्हणून नव्हे. आणि हा फरक सोटेवाल्यांना कोण समजावणार? शिवाय भलतीच सापडली तर खरी मोकाट राहायची आणि नातू हातचा जायचा.

रंगूबाई कुणाला काही बोलली नाही. खापरीत चार निखारे घेतले आणि मागच्या दारानं, उसाच्या कडेकडेनं कौसल्येचं घर गाठलं.

"रंगू? आगं, मी येतच हुते की."

"म्हनलं तुझं गुडघं दुखत्यात. घे."

"माझं गुडघं ऱ्हाऊ दे. तुझं त्वांड का असं? पोराला कसं हाय?"

"उतरंल ताप. आज आमच्याकडं यिऊ नगंस."

"का गं?"

"देवाचं हाय काय तरी."

 कौसल्येनं खापरी घेतली. "बरं," एवढंच म्हणाली.

परतताना रंगूबाईचं अंग हलकं झालं होतं. एक निरपराध जीव वाचवला होता आणि मुळीची वाटही मोकळी केली होती. आता जी कुणी येईल ती ओढलेलीच येणार. दुसरं कुणी यायचं उरलंच नव्हतं.

ती नातवाच्या उशाशी बसली. गेणबानं निखाऱ्यावर बिब्बे टाकले, घर उग्र धुरानं भरलं. ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं. तेवढ्यात पोरानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दिवसभरात पहिल्यांदाच!

"मुळी चालली," गेणबा पुटपुटला. "ती वाटंला लागलीया."

अंगणात पावलं वाजली. कुणीतरी घाईनं येत होतं. पावलं नेमकी उंबऱ्याशी येऊन थांबली. झुंबर उठला, त्याच्यामागं दोघंही उठले. ये बये, ये एकदाची, रंगूबाई मनात म्हणाली. 

"आई, दार उघड की गं!" बाहेरून हाक आली. "गाडीवाल्याकडनं कळलं तशी निघाले बघ. तान्हं घिऊन वढ्यावरनं आलेय, तशी आत न्हाय येत. लेकराची दृष्ट काढायची हाय, आधी जरा इस्तू दे."