गॅलरीची जाळी

"जाळी कधी लावणार?" तिनं ताट नवऱ्यापुढं आदळलं. पेला लवंडला.

"आधी जेवू तर दे," वेल्डर म्हणाला. "दिवसभर जाळ्याच करून आलोय."

"लोकांच्या कर. लोकांची घरं बंद कर, आपलं ठेव उघडं!"

घर चौथ्या मजल्यावर. गॅलरीला कमरेएवढा कठडा, त्याच्या गजांमधून मांजर जाईल एवढी फट. सातव्या महिन्यापासून तिनं जाळीचा धोशा लावला होता. तेव्हा तो हसला होता. "अजून जन्मायचंय पोर, आणि तू आत्ताच कोंडायला निघालीस!" आता पोर दोन महिन्यांचं झालं होतं. साधं कुशीवर वळत नव्हतं. रांगायची तर बातच लांब.

दुपटी ती धुवायची, पिळायची, आणि बादली गॅलरीच्या दाराशी ठेवून मागं फिरायची. वाळत घालायची सासूनं.

"चार पावलं पुढं गेलीस तर विरघळशील?" सासू म्हणायची. "साखरेचीच आणलीय बाई आम्ही सून! पोराला कोवळं ऊन दाखवायचं, तेही हिच्याच्यानं होत नाही."

घरात एकटी असली की ती कपड्यांची ट्रंक ओढत नेऊन त्या दाराला लावायची. बाहेरून आली की सासू ती परत जागेवर ढकलायची. फरशीवर त्या ओढाताणीचे ओरखडे उठले होते. कुणी मागं हटत नव्हतं.

सुरुवातीला तिनं सांगून पाहिलं होतं. "आई, मला झोपच येत नाही."

"बरंच झालं की. जागीच आहेस तर पोराकडं बघ."

"सारखं रडू येतं."

"सगळ्यांनाच येतं. बाळंतपण म्हणजे काय सहल वाटली?"

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईचं मनाला लावून घेऊ नकोस," आणि कूस बदलून झोपला. दिवसभर तापलं लोखंड हाताळणारा माणूस, त्याला शेजारची धग लागली नाही. मग तिचे शब्द एकेक करून विझत गेले. उरला एकच, जाळी. तो मात्र उठता बसता पेटायचा. तिनं एक बशी फोडली, मग दुसरी. शेजारणी म्हणाल्या, डोकं फिरलंय. सासू म्हणाली, माज आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर तिनं कहरच केला. पोराला छातीशी धरून, चप्पलही न घालता ती थेट त्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईकं उभी होती. भिंतीला टेकवलेल्या एका तयार जाळीवर तिनं लाथ घातली. "ही कुणाची? ही मला दे!"

कारागीर हसले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "देऊन टाका हो, नाहीतर मिळतील अजून चार लाथा." वेल्डरची कानशिलं तापली. त्यानं हातातलं काम तसंच टाकलं, टेप उचलला आणि तिला दंडाला धरून घरी आणलं.

"चार माणसांत लाज काढलीस माझी!" जिना चढताना तो ओरडत होता. "लावतो तुझी जाळी! आत्ता माप घेतो, संध्याकाळी ठोकतो. पुन्हा हा शब्द तोंडातून काढायचा नाही, समजलं?"

गॅलरीत जाऊन तो गुडघ्यांवर बसला. फरशीपासून टेप वर ताणला आणि गजावर खडूची रेघ मारली. सासू दारात कमरेवर हात देऊन उभी होती. सून आतल्या भिंतीला पाठ लावून, पोराला घट्ट धरून.

"बघ," तो म्हणाला. "खालून दीड फूट जाळी मारतो. रांगायला लागला तरी त्याचं डोकं याच्या वर जाणार नाही. झालं समाधान?"

ती भिंतीपासून सुटी झाली. पोर तिनं सासूच्या हातात दिलं. गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही हातांनी तिनं चौकट पकडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता.

"त्याचं नको," ती म्हणाली. "माझं माप घे."