खांद्यावरची नळी

बॅगपाइप सुरू झाला तशी प्रमिलानं कानांत बोटं घातली. “बाई बाई! चुकलेल्या रेडकासारखं काय हे हंबरणं!” भिशीतल्या बाकीच्या दोघीही खो खो हसल्या. बेळगावहून स्कॉटलंडला आलेल्या या चौघींना मैदानी खेळांच्या त्या जत्रेत मजा वाटत होती ती घागरे घालून झाडाचे सोट फेकणाऱ्या दांडग्या बाप्यांची.

हिराताईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचे यजमान मराठा पलटणीच्या बँडमध्ये हाच बाजा वाजवायचे. पेन्शनीत निघाल्यावरही संध्याकाळी परसात वाजवणं चालूच होतं. पुढं त्यांचा उजवा खांदा आखडला. सूर जुळवायला डोक्यापाशी उभी असलेली लांब नळी सरकवावी लागते, तिथवर हात पोचेना. मग हिराताई शेजारी उभ्या राहून ती नळी हळूहळू फिरवायच्या. यजमानांचं तोंड फुंकण्यात गुंतलेलं. सूर जुळला, की ते नुसत्या डोळ्यांनी ‘बास’ म्हणायचे.

समोरच्या तरुण वादकाचा सूर जरासा हलत होता. बाकी कुणाला ते कळलंही नसेल. हिराताईंचा हात आपसूक वर गेला, बोटं हवेत फिरू लागली.

“हिरा, कुणाला गं हात करतेस? इथं कोण तुझ्या ओळखीचं?” प्रमिलानं विचारलं.

“कुणी नाही गं,” हिराताई म्हणाल्या.

हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही. कुणीतरी डोळ्यांनी ‘बास’ म्हणायची त्या वाट बघत होत्या.