कार्डाची फी

“तीन हजार फी,” नीलाताई म्हणाल्या, “आणि वर्षभराच्या पॉइंटांचं आलं काय? एक टोस्टर. आपल्याकडे टोस्ट खातं कोण?”

दीनानाथांनी टोस्टरकडे पाहिलं. फ्रिजवर तो अजून खोक्यातच होता.

“बँकेतली मुलगी फोनवर म्हणाली, या वर्षी फी माफ होणार नाही. रविवारच्या आत फॉर्म दिला तर कार्ड बंद, फी नाही. फॉर्म मी आणूनही ठेवलाय,” नीलाताई म्हणाल्या.

दीनानाथांची चौतीस वर्षं ऑडिटमध्ये गेली होती. अकरा रुपयांसाठी त्यांनी साहेब लोकांची टॅक्सीची बिलं परत पाठवली होती. पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडायला बायकोला त्यांनीच शिकवलं होतं. आज तिने मांडलेला हिशेब त्यांनी दोनदा तपासला. रुपयाचीही चूक नव्हती. त्यांनी पाकीट बाजूला सारलं.

“राहू दे कार्ड.”

का, ते दोघांनाही माहीत होतं.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये आले, त्याच वर्षी हे कार्ड घेतलं. त्यावरच एक ॲड-ऑन कार्ड एकुलत्या एका मुलीच्या, सुखदाच्या नावावर. अडीअडचणीला असावं म्हणून. मग सुखदाला गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. तिला तिकडेच खोली घेऊन राहायचं होतं. महिनाभर भांडणं झाली. एका सकाळी दीनानाथ म्हणाले, “जायचं तर जा. मग परत यायचं नाही.” ऑडिटवाल्याची मुलगी. तिने नियम अक्षरशः पाळला. पुढे नोकरी बदलली, मोबाइलचा नंबर बदलला. दोन वर्षं झाली.

ती गेल्यानंतर चौथ्या महिन्यात कार्डाच्या बिलात दीनानाथांच्या नावाखाली तिचं नाव आलं. सरोजिनी नगर, ओढणी, दोनशे दहा रुपये. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पुढच्या महिन्यात औषधाचं दुकान, मग चपलांचं. प्रत्येक ओळीला ते पेन्सिलीने गोल करत. मग “जरा फिरून येतो” म्हणत आणि त्या दुकानासमोर जाऊन उभे राहत. तास, दोन तास. दुकानदाराला काही विचारत नसत. विचारलेलं तिच्या कानावर गेलं, तर ती ते दुकानही सोडेल, ही भीती.

मागच्या ऑक्टोबरच्या बिलात तिचं नाव आलं नाही. दीनानाथ वर्तमानपत्रातल्या पोलिसांच्या जाहिराती वाचू लागले. अनोळखी मृतदेह, वय अंदाजे, उंची अमुक, कपड्यांचा रंग तमुक. एक जाहिरात कापून त्यांनी खिशात ठेवली होती. शर्ट धुवायला घेताना ती नीलाताईंच्या हाती लागली. नोव्हेंबरच्या बिलात नाव परत आलं, तेव्हा त्या ओळीला त्यांनी पेन्सिलीने दोनदा गोल केलं. आणि जानेवारीत स्वेटरच्या दुकानासमोर धुक्यात चार तास उभं राहून न्यूमोनिया घेऊन आले. अकरा दिवस हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाला, “बाऊजी, अब घर में बैठिए. अगली बार मैं कुछ नहीं कर पाऊँगा.”

“तिला आपल्या कार्डाची गरज नाहीये हो,” नीलाताई म्हणाल्या.

“गरज नाही, मग वापरते कशाला?”

 नीलाताईंनी फॉर्म पुढे सरकवला.

“ऐका माझं. कार्ड बंद केलं, तर बिलात नाव येणार नाही. पण ते फीमुळे आलं नाही, एवढंच समजायचं. दुसरं काही मनात आणायचं नाही. तुम्ही घरात बसाल. जगाल.”

दीनानाथ खोकले. खोकला थांबेपर्यंत नीलाताईंनी पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला.

“ती जिवंत आहे, हे मला महिन्याच्या महिन्याला कळतं, नीला. वर्षाला तीन हजारात. या दिल्लीत याहून स्वस्त काय मिळतं?”

त्यांनी चेकबुक काढलं. आकडा नेहमीसारखा अक्षरी आणि अंकी, खाली रेघ मारून.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलाताईंनी चेक बँकेच्या पेटीत टाकला आणि रिक्षाने लक्ष्मीनगरला गेल्या. बाजारात त्यांनी चार दुकानं बाहेरूनच पाहिली. एका दुकानासमोर नुसतं ऊन. एक जिना चढून वर. एकासमोर गाड्यांची एवढी गर्दी की माणसाला उभं राहायला जागा नाही. चौथं बाजाराच्या पार आतल्या टोकाला, चालताना धाप लागेल इतकं. घराच्या अगदी जवळचं तर चालणारच नव्हतं. मग माणूस रोज संध्याकाळी दाराच्या घंटीकडे कान लावून बसतो. पाचव्या दुकानासमोर कडुनिंबाची सावली होती आणि चहावाल्याचा बाक. बाकाला पाठ होती. नीलाताईंनी स्वतः त्यावर बसून पाहिलं. मग आत जाऊन केसांच्या निळ्या क्लिपा घेतल्या, पासष्ट रुपयांच्या, आणि दोन वर्षांपूर्वी घर सोडताना किल्लीबरोबर चपलांच्या कपाटावर सुखदा ठेवून गेलेलं कार्ड पर्समधून काढलं. दुकानदाराने मशीनची चिठ्ठी पुढे केली. नीलाताईंनी सराईत हाताने सुखदाची सही केली.